दीड तासात संपतो? मग पैसे कसले!

नवा गेम घेतला म्हटलं की ग्रुपमधून पहिला प्रश्न काय येतो? स्टोरी काय आहे? ग्राफिक्स कसे आहेत? छे! पहिला प्रश्न असतो, 'किती तासांचा आहे?' शंभर तास म्हटलं की समोरचा मान डोलावतो. चाळीस म्हटलं तरी चालवून घेतो. 'दीड तास' म्हटलं की मात्र तो आपल्याकडे असा बघतो, जणू शेवभाजी मागवली आणि वेटरने वाटीभर नुसती तर्री आणून ठेवली.

मला हे दीड तासवालेच गेम आवडतात. त्यात बंदुका नसतात, गाड्या नसतात, बक्षिसाची पेटी नसते. एक पक्षी डोंगर चढतो. एक बेडूक डिटेक्टिव्ह असतो आणि त्याच्याकडे भिंग सोडून काही नसतं. एक बदक गावाला छळतं, आणि तेवढंच करतं. दोन-चार माणसांनी, कधी कधी एकट्याच माणसाने बसून बनवलेले हे गेम. मोठी कंपनी नाही, मोठं बजेट नाही. यांना म्हणतात इंडी गेम. (विजापूरकडचं इंडी नव्हे. माझ्या काकांनी खरोखर विचारलं होतं.)

हे गेम चांगले की वाईट, हे मी तुम्हाला सांगणार नाहीये. गेल्या दीडेक वर्षात जळगाव आणि धुळ्यातल्या माझ्या माणसांच्या हातात मी हे गेम दिले आणि त्यांची मतं ऐकली, ती सांगणार आहे. यातले निम्मे लोक स्वतःला 'प्लेअर' म्हणवून घेणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांचीच मतं जास्त भारी होती.

आधी थोडा फ्लॅशबॅक. २००९-१० चा सुमार. मी पाचवी-सहावीत. जळगावात तेव्हा गल्लोगल्ली सायबर कॅफे होते आणि आमच्या घराजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये घ्यायचे. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, मला तिथे घेऊन जायचा. त्याच्या खिशात दहा रुपये. दहा रुपयांत अर्धा तास. वर लोडशेडिंगची टांगती तलवार. अशा वेळी शंभर तासांचा गेम घेऊन काय करायचं? दादाने शोधून काढला होता 'समोरोस्ट'. पांढऱ्या कपड्यांतला एक चिमुकला बुटका, लाकडाच्या ओंडक्यासारख्या दिसणाऱ्या ग्रहावर राहणारा. तो दुर्बिणीतून बघतो तर काय, दुसरा एक तसाच ग्रह त्याच्या घरावर आदळायला येतोय! मग आपण इथे क्लिक कर, तिथे क्लिक कर, आणि त्याचं घर वाचव. एक अक्षर इंग्रजी लागायचं नाही. पंचवीस मिनिटांत खेळ खल्लास. उरलेल्या पाच मिनिटांत दादा क्रिकेटचा स्कोअर बघायचा.

हा गेम प्राग शहरातल्या याकुब द्वोर्स्की नावाच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून केला होता, हे मला फार नंतर कळलं. फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला आणि ब्राउजरमधले असले हजारो खेळ त्याच्याबरोबर गेले. 'समोरोस्ट' मात्र वाचला. त्याच्या कंपनीने, अमानिता डिझाइनने, २०२१ मध्ये तो नव्याने करून फुकट देऊन टाकला.

सांगायचा मुद्दा हा की तेव्हा आम्हाला गेम छोटा असणं हा प्लस पॉइंट वाटायचा. पैसे वेळेचे होते. जितका लवकर संपेल तितका स्वस्त! आता पैसे गेमचे झाले आणि गणित बरोबर उलटं झालं. पैसे भागिले तास. भाव काढायचा.

हा भाव काढण्यात माझा मामेभाऊ मास्टर आहे. धुळ्याला देवपुरात राहतो, वय तेवीस, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. अभ्यासिकेतून रात्री दहाला घरी आला की लॅपटॉप उघडतो. त्याच्याकडे एक वही आहे. चेष्टा नाही, खरोखर आहे. गेमचं नाव, किंमत, किती तास खेळला, तासाला किती रुपये पडले. तासाला पाच रुपयांच्या आत पडला तर हिरवी टिक.

मी त्याला एक छोटा गेम सुचवला. कुठला ते सांगत नाही, बनवणाऱ्याला वाईट वाटायचं. दोन दिवसांनी फोन. ''ताई, काय गेम आहे गं! जाम आवडला. मी रिव्ह्यू पण टाकला, अंगठा वर.''

''मग वहीत काय टाकलंस?''

''शून्य रुपये. संपवला आणि रिफंड घेतला.''

ही भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्टीम हे कॉम्प्युटर गेम विकणारं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. जून २०१५ पासून त्यांचा नियम आहे की विकत घेऊन चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर गेम परत करा, पैसे परत घ्या. कारण विचारतात, पण फारसं खोलात कुणी जात नाही. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. लॅपटॉपवर गेम चाललाच नाही, फसवणूक वाटली, तर पैसे अडकत नाहीत. शंभर तासांच्या गेमला त्याने काहीच फरक पडत नाही. पण दीड तासाच्या गेमचं काय? तो तर पूर्ण खाऊन, बोटं चाटून, ताट परत देता येतं!

आणि हे काही फक्त देवपुरात घडत नाही. 'समर ऑफ ५८' नावाचा एक छोटा हॉरर गेम होता, साधारण दीड तासाचा. लोकांना आवडला, रिव्ह्यू चांगले आले, आणि तरी इतके रिफंड झाले की एमिका गेम्स या नावाने तो बनवणाऱ्या डेव्हलपरने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करून टाकलं, की मी आता अनिश्चित काळासाठी गेम बनवणं थांबवतोय. पुढच्या गेमपुरतेही पैसे जमत नव्हते.

मी हे मामेभावाला सांगितलं. तो गप्प बसेल असं वाटलं होतं. कसला गप्प बसतोय! म्हणाला, ''ताई, नाटक आवडलं नाही तर पैसे परत मिळतात का? नाही ना? मग इथे मिळतात, त्यात माझा काय दोष? नियम बदलायला सांग त्यांना.''

''अरे पण तुला आवडलाय ना तो गेम!''

''आवडला म्हणून तर अंगठा वर केला. तोही फुकट.''

यावर मी त्याला जे सुनावलं ते अजून मला पटतं, म्हणून इथेही लिहिते. आपल्या जळगावात दोन गोष्टींचा व्यापार चालतो. केळी आणि सोनं. केळीचा भाव क्विंटलवर निघतो. सोन्याचा ग्रॅमवर. सराफाच्या पेढीवर जाऊन 'एवढंसंच?' असं कुणी म्हणत नाही. आईने वहिनीसाठी केलेले कानातले अंगठ्याच्या नखाएवढे आहेत, ते वहीत कुठल्या रकान्यात बसवशील? तासावर गेम मोजणारा माणूस सराफाकडे जाऊन केळीचा काटा मागतोय.

त्याचं उत्तर : ''सोनं मोडता येतं ताई. गेम मोडून पैसे आले असते तर मी पण रिफंड घेतला नसता.''

बघा म्हणजे! याला म्हणतात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास.

पण तो एकटाच असा विचार करतो असं नाही आणि त्याला सरसकट झोडपणंही बरोबर नाही. महिन्याला घरून ठरावीक पैसे येणारा मुलगा आहे तो. आपण नोकरीवाले मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला जेवढे देतो, तेवढ्यात त्याचा आठवड्याचा मेसचा हिशेब बसतो. छोट्या गेमची कड घेणाऱ्या लोकांचा एक मोठा प्रॉब्लेम हाच आहे, की ती बहुतेक पगारदार असतात. 'वेळ कुठाय यार मोठा गेम खेळायला' हे पगारवाल्याचं दुःख आहे. तेवीस वर्षांच्या मुलाकडे वेळच वेळ असतो, पैसा नसतो. दोघांचे अंगठे वेगळ्या कारणाने वर-खाली होतात आणि रिव्ह्यूच्या आकड्यात मात्र सगळे एकत्र मोजले जातात.

आता माझ्या मैत्रिणीचं मत. ही जळगावात एका खाजगी बँकेत आहे. लग्न ठरलेलं, सासर धुळ्याचं, त्यामुळे रविवारी एसटीने ये-जा. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे करत. मी तिच्या फोनवर 'फ्लॉरेन्स' टाकून दिला. केन वाँग या डिझायनरच्या ऑस्ट्रेलियातल्या छोट्याशा टीमने २०१८ च्या व्हॅलेंटाइन डेला काढलेला हा गेम. पंचवीस वर्षांची एक मुलगी, कंटाळवाणी नोकरी, आईचे फोन, रोज तोच ब्रश, तीच बस. मग तिला भेटतो क्रिश, चेलो वाजवणारा, भारतीय वंशाचा. गेममध्ये जिंकायचं-हरायचं काही नाही. त्यांच्या पहिल्या भेटीत बोलणं म्हणजे जिगसॉचे तुकडे असतात, सात-आठ जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात. शेवटी एकच तुकडा, टाकला की झालं, वाक्य पूर्ण! काय भन्नाट आयडिया आहे बघा. प्रेमात पडल्यावर बोलणं सोपं होतं, हे सांगायला एकही शब्द वापरलेला नाही. आणि भांडण होतं तेव्हा ते तुकडे टोकदार होतात.

तो तिच्या घरी राहायला येतो, तेव्हा शेल्फवर कुणाची वस्तू ठेवायची आणि कुणाची खोक्यात भरायची हे आपण ठरवायचं असतं. इथे माझी मैत्रीण अडकली. एरंडोलला सुरू केलेला गेम पारोळ्याला संपायला हवा होता. ती धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्या शेल्फशीच खेळत बसली. रात्री मेसेज आला : ''मी तिचं काहीच काढलं नाही. त्याचंच सगळं खोक्यात टाकलं. तरी गेम पुढे गेला. थँक यू.''

तिचं सासर चांगलं आहे, लग्नही व्यवस्थित झालं, गैरसमज नको. पण लग्नाआधी तिने एक यादी केली, स्वतःच्या कुठल्या वस्तू धुळ्याला जाणार याची, आणि ती होणाऱ्या नवऱ्याला दाखवली. त्यात एक मोडकं हार्मोनियम होतं. गेलं ते.

बाकीची मतं पटकन सांगते. आठ वर्षांचा भाचा, 'अनटायटल्ड गूज गेम' : ''मावशी, हे बदक माझ्यासारखंच आहे.'' (बदक, हंस की राजहंस, यावर घरात आजवर एकमत नाही.) या बदकाला कामांची यादी असते. माळ्याच्या किल्ल्या पळवा, त्याचं दाताळं तळ्यात टाका, त्याला भिजवा. एक बटण दाबलं की नुसतं ओरडतं, आणि भाच्याला तेवढंच बटण पुरलं. मेलबर्नच्या चार मित्रांनी केलेला हा खुळचट गेम २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आला आणि वर्ष संपेपर्यंत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. बाबांचं मत : ''त्या माणसाने कुंपण नीट घातलं असतं तर हा गेमच झाला नसता.'' बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत.

भाच्याच्या वडिलांचं, म्हणजे भावजींचं मत मला फार आवडलं. बेडूक डिटेक्टिव्हचा गेम थोडा वेळ बघून ते म्हणाले, ''हे तर मालेगाववाल्यांसारखं आहे.'' धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवरचं मालेगाव. तिथे शेख नासिर आणि मंडळींनी 'मालेगाव के शोले' केला, पुढे तिथलाच सुपरमॅन उडवला. त्याच्यावर फैजा अहमद खानची डॉक्युमेंटरी आली आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला. भावजी म्हणाले, ''पैसा नाही हे लपवायचं सोडून त्याचीच गंमत करायची.'' मास कॉमला दोन वर्षं जे शिकवलं ते या माणसाने चहा संपायच्या आत सांगितलं.

आता त्या प्रसंगावर येते, ज्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी तेव्हा नुकतीच पुण्याची सहा वर्षं आवरून जळगावला परत आले होते. फ्रीलान्स काम कुठूनही होतं, शिवाय पुण्यात भाडं देऊन उरत काय होतं? ऑपरेशन तसं साधं, पण आईला शुगर, त्यामुळे सगळ्यांना टेन्शन. मामेभाऊ पहाटेच्या बसने धुळ्याहून आला होता. आत नेल्यावर आम्ही बाहेर बाकावर. बाबा येरझाऱ्या घालत होते. माझ्या मांडीवर लॅपटॉप, एक लेख द्यायचा होता, सुचत काहीच नव्हतं. मामेभाऊ म्हणाला, ''दे इकडे, काहीतरी खेळतो.'' माझ्या अकाउंटवर त्याने 'अ शॉर्ट हाइक' उघडला. २०१९ मधला, अ‍ॅडम रॉबिन्सन-यू या एका माणसाने बनवलेला. त्याला पुढे २०२० मध्ये इंडी गेमांच्या जगातलं सगळ्यात मानाचं पारितोषिक मिळालं.

गोष्ट एवढीशी. क्लेअर नावाचं पाखरू सुट्टीत मावशीकडे आलंय. एका महत्त्वाच्या फोनची वाट बघतंय, पण तिथे रेंजच नाही. रेंज फक्त डोंगराच्या टोकावर. म्हणून डोंगर चढायचा. सातपुड्यात कुठल्याही पाड्यावर जाऊन विचारा, ही गोष्ट त्यांना सांगावी लागणार नाही. वाटेत कुणी मासे पकडायला शिकवतं, कुणाचं काही हरवलेलं असतं, कुणी नुसतंच गप्पा मारतं. सोनेरी पिसं गोळा केली की जास्त उंच चढता येतं. घाई नाही.

मी तो पुण्यात असताना खेळले होते. तेव्हा माझं मत होतं : क्यूट.

मामेभाऊ खेळत होता, मी बघत नव्हते. तासाभराने त्याने मान वर केली आणि लॅपटॉप हळूच मिटला. ''काय रे, बोअर झाला?'' तो काही बोलला नाही. ''चहा आणतो,'' म्हणाला आणि गेला. तेव्हा मला आठवलं, टोकावर पोचल्यावर तो फोन येतो ना, तो क्लेअरच्या आईचा असतो. तिचं ऑपरेशन झालेलं असतं. ते नीट झालं, हे सांगायला तिने फोन केलेला असतो. गेमभर क्लेअर ज्याची वाट बघत होती आणि ज्याबद्दल बोलायचं टाळत होती, ते हे.

तो चहा घेऊन आला तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन 'सगळं व्यवस्थित' सांगून गेलेले होते. त्याने तीनही कप बाबांच्या हातात दिले.

त्या गेमचा वहीत काय हिशेब लागला, हे मी विचारलं नाही. गेम माझ्या अकाउंटवरचा होता, त्यामुळे रिफंडचा प्रश्न आला नाही, एवढंच. एक सांगते, नंतरही त्याने दुसऱ्या दोन गेमांचे रिफंड घेतलेत. माणूस एका गेमने बदलत नाही.

आईला महिनाभर जड काम नको म्हणून सांगितलं होतं. तिची काळजी घ्यायला धुळ्याहून मोठी माय आली. मोठी माय म्हणजे माझी आजी, आईची आई. वय एक्याऐंशी. अहिराणी सोडून दुसरं काही बोलत नाही. समजतं सगळं, बोलत नाही. आई तिच्याशी अहिराणीत बोलते आणि मान वळवून आमच्याशी मराठीत. लहानपणापासून हे असंच चाललंय, इतकं की मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. अहिराणी मला समजते, बऱ्यापैकी. बोलायला गेले की मोठी माय हसते. 'माले', 'तुले', 'मना', 'तुना' इथपर्यंत गाडी जाते आणि क्रियापदाशी घसरते.

आई पडून पडून कंटाळली होती. टीव्हीवरच्या सासवांना ती आधीच कंटाळलेली. म्हटलं चला, स्वयंपाकाचा गेम दाखवते. 'वेण्बा'. टोरांटोच्या विसाई गेम्स नावाच्या छोट्या टीमचा, जुलै २०२३ मध्ये आलेला. दुसऱ्या वर्षी त्याला बाफ्टाचं पदार्पणाचं पारितोषिक मिळालं. १९८० च्या दशकात कॅनडाला गेलेलं एक तमिळ जोडपं, वेण्बा आणि पावलन. तिच्याकडे आईने दिलेली पाककृतींची वही आहे, पण ती फाटलीय, डाग पडलेत, मधल्या ओळी पुसल्या गेल्यात. काय पुसलं गेलं ते आपण ओळखायचं आणि पदार्थ करायचा. पहिला पदार्थ इडली.

गेमचे संवाद इंग्रजी. मी ते मराठीत आईला सांगणार, आई अहिराणीत मोठ्या मायला. तमिळ बाईची गोष्ट तीन दारं ओलांडून त्या पलंगापर्यंत पोचत होती. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा लावायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल, हे कोडं आहे. रिव्ह्यूंमध्ये काही लोकांना ते अवघड वाटलेलं. आईने झोपल्या झोपल्या सांगितलं, ''ती मधली फिरव. अगं, भोकावर भोक नको यायला.'' एका फटक्यात लेव्हल पार! मोठ्या मायचं मत : वेण्बा पीठ फार लवकर वापरते.

मग गोष्ट पुढे जाते. मुलगा होतो, शाळेत जातो. आई त्याच्याशी तमिळ बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. हे एकदा झालं, दोनदा झालं. मोठी माय आईला विचारत होती, ''काय सांगी ऱ्हायना तो?'' आई भाषांतर करायची थांबली होती. मी बघितलं तर ती स्क्रीनकडे बघत नव्हती.

दीडेक तासात गेम संपला. मोठी माय म्हणाली, ''सरनं का? इतलंच शे?'' एक्याऐंशी वर्षांची बाई, आणि मत तेच, देवपुरातल्या नातवाचं! मी हसले. आई हसली नाही.

मोठी माय झोपल्यावर आईने मला सांगितलं. डी.एड. झाल्यावर ती एका शाळेत मुलाखतीला गेली होती. शाळेचं नाव तिने मलाही सांगितलेलं नाही. बोलता बोलता तिच्या तोंडून 'माले' निघालं. समोरचे तिघं हसले. एकाने म्हटलं, बाई, पोरांना काय शिकवणार तुम्ही, मराठी की हे? नोकरी मिळाली नाही. ''त्याच वर्गात बहिणाबाईंची कविता होती पुस्तकात,'' आई म्हणाली. ''ती लेवा बोलीतली. ती सगळे गोड म्हणून शिकवायचे. पुस्तकात आली की कविता, आपल्या तोंडात आली की गावंढळ.'' २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं तेव्हा आई टीव्हीसमोरून उठून आत का गेली होती, हे मला त्या रात्री कळलं. ''म्हणून तुमच्याशी मी कधी बोललेच नाही. ठरवून. तुम्हाला कुणी हसायला नको.''

आता मी काय म्हणणार? मी लिहून पोट भरते. तिने ठरवून दिलेल्या या मराठीवर माझं घर चालतं, हा लेखही त्याच मराठीत आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी-अहिराणी मातृभाषा सांगणारे अठरा लाखांहून जास्त लोक निघाले. आमच्या घरातून त्या रकान्यात काय लिहिलं गेलं ते मी विचारलं. ''मराठी,'' आई म्हणाली. ''सगळ्यांची?'' ''सगळ्यांची. माझीसुद्धा.''

'वेण्बा'बद्दल जी मतं वाचायला मिळतात त्यात दोन तक्रारी नेहमीच्या. फार छोटा आहे, आणि कोडी फार थोडी आहेत. तक्रारी खऱ्या आहेत, मी त्या खोडत नाही. मला स्वतःला मधला भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो, मुलगा एकदम मोठा होऊन जातो. आईला विचारलं, तर ती म्हणाली, ''मुलं एकदमच मोठी होतात. तो भाग बरोबर आहे.''

हा गेम चाळीस तासांचा असता तर ती तो संपेपर्यंत बसली नसती, हे मात्र नक्की. पोटाला टाके पडलेल्या बाईच्या दुपारच्या झोपेआधी जेवढा वेळ असतो, तेवढ्यात तो मावला. मामेभावाच्या वहीला यासाठी रकाना नाही. त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, ''ताई, आत्याचं अकाउंट वेगळं काढ, रिव्ह्यू टाकू दे तिला.''

आईने रिव्ह्यू टाकला नाही. दोन दिवसांनी तिने मला विचारलं, ''असा मांड्यांचा गेम नाही का गं?''

नाही. खापरावरच्या मांड्यांचा गेम जगात कुणी केलेला नाही. आखाजी जवळ आली होती आणि दोघी मायलेकी त्याच विषयावर होत्या. या वर्षी आईला हात उचलायची परवानगी नाही, मग मांडे कोण करणार? मोठ्या मायचे खांदे कधीच गेलेत. म्हटलं, तुम्ही दोघी सांगा, मी कागदावर गेम काढते. लेव्हल एक, पुरण. लेव्हल दोन, कणीक सैल किती मळायची. लेव्हल तीन, ती दोन्ही हातांवर झेलत मोठी मोठी करायची, कोपरापर्यंत. ''इथे सगळे मरतील,'' आई म्हणाली. ''तिसऱ्या मिनिटाला फाटेल.'' लेव्हल चार, उलट्या खापरावर टाकायचा, हात भाजता कामा नये.

खापर पुरेसं तापलं हे प्लेअरला कळणार कसं, असं मी विचारलं. आईने ते मोठ्या मायला विचारलं. मोठ्या मायने हात हवेत खापराच्या उंचीवर धरला, तळवा खाली, आणि काहीतरी सांगितलं. एकच शब्द. आई माझ्याकडे वळली, बोलायला तोंड उघडलं आणि थांबली.

''याला मराठीत काय म्हणतात गं?'' तिने मलाच विचारलं.

मी म्हटलं, मोठ्या मायला परत म्हणायला सांग. हळू. तिने परत म्हटला, आणि मी ऐकू आला तसा लिहून घेतला. आईने माझ्या हातातून पेन घेऊन त्यातलं एक अक्षर दुरुस्त केलं.